ड्रमचा स्मोकर पावसाळ्यानंतर पुन्हा सुरू करायचाय, सल्ला हवा

ऐरोलीकर
ऐरोलीत (नवी मुंबई) रो हाउसच्या मागच्या अंगणात २०० लिटरच्या ड्रमचा उभा स्मोकर, म्हणजे कोळशाच्या धुरावर मटण-मासे शिजवायची भट्टी, आहे. खाली राखेचं ताट, त्यावर कोळशाची टोपली, वर दोन जाळ्या, तळाशी हवेची तीन भोकं, झाकणावर धुराडं. जूनपासून ताडपत्रीखाली होता. आता उघडल्यावर दिसलं ते असं:

झाकणाच्या आतून काळे पापुद्रे सुटताहेत. रंग उडतोय का? जाळ्यांवर पांढरी-हिरवी बुरशी. तळाला गंजाचे पोपडे, एका जागी पत्रा दाबला की आत जातो. थर्मामीटरचा काटा थंड असतानाही ६० वर.

दिवाळीआधी चालू करायचाय. क्रमाने काय करू?

निखारा
पापुद्र्यांची काळजी सोडा. ड्रम नवा असताना आतला लेप जाळून, घासून काढला होता ना? मग तिथे उडायला रंगच नाही. धुरातला डांबरी अंश आणि चरबीची वाफ झाकणाला लागते, कारण झाकण धुरापेक्षा गार असतं. थरावर थर चढतात, तापून त्यांचा कोळसा होतो आणि दमट हवेत सुटतात. पापुद्रा बोटांत चोळून बघा. काजळीसारखा कुस्करला तर हेच. रंगाचा असेल तर चिवट राहतो.

पुट्टीच्या पट्टीने, नाहीतर ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा करून सुटेल तेवढंच काढा. खाली घट्ट बसलेला काळा, चकचकीत थर राहू द्या, गंजापासून पत्र्याला तोच वाचवतो. लोक इथे हौसेने चांदीसारखं लखलखीत करतात आणि पुढच्या आठवड्यात तांबूस झालं म्हणून रडतात.

थर भराभर चढत असेल तर धूर तपासा. दाट पांढरा धूर म्हणजे अर्धवट ज्वलन. धुराडं पूर्ण उघडं ठेवा आणि आच खालच्या भोकांनीच कमी-जास्त करा. धुराडं अर्धं बंद केलं की धूर आत कोंडतो, झाकण काळं आणि मटण कडू.

खाडीवारा
बुरशीबद्दल. कोरड्या जाळ्या ब्रशने घासू नका, सगळी बुरशी उडून नाकात जाते. आधी जाळायची, मग घासायची.

पण त्याहीआधी चरबीचं भांडं आणि राखेचं ताट बाहेर काढा. पावसाळाभर साठलेली चरबी आत राहिली आणि तुम्ही भट्टी पेटवली तर ती भडकते. (भडकलीच तर पाणी ओतायचं नाही. झाकण लावून खालची भोकं आणि धुराडं बंद करायचं. उघडून बघायचा मोह आवरा, हवा मिळाली की पुन्हा पेट घेते.)

मग टोपलीत ३-४ किलो कोळसा, सगळी भोकं उघडी, झाकण बंद. २०० ते २३० अंशांवर पाऊण ते एक तास. जाळ्या गरम असतानाच लाकडी फळीच्या कडेने किंवा काथ्याच्या ब्रशने घासा. जुना तारेचा ब्रश वापरू नका. त्याची तार तुटून जाळीला चिकटते आणि घासाबरोबर पोटात जाते, डॉक्टरांना शोधतानाही नाकी नऊ येतात.

पक्कडपान्हा
बाकी सगळं दुय्यम आहे हो, तळ बघा आधी. ड्रमचे स्मोकर मरतात ते तळातून.

राखेत पोटॅशियमचे क्षार असतात. कोरडी राख निरुपद्रवी, पण ती हवेतलं पाणी ओढून घेते, आणि ओली राख म्हणजे पत्र्याला चिकटून बसलेला क्षारांचा लगदा. पत्रा जेमतेम एक-सव्वा मिलिमीटरचा. त्यात ऐरोलीची खाडीवरची खारी हवा. जूनमध्ये दोन मुठी राख आत राहिली असेल तर ऑक्टोबरमध्ये हेच दिसणार.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे तळ आणि भिंत जुळते ती शिवण. वरून झाडून घेतलं तरी तिथे बोटाच्या पेराएवढी राख दगडासारखी बसलेली असते. ड्रम आडवा करा, चपट्या स्क्रूड्रायव्हरने शिवण गोल फिरून उकरा, मग ब्लोअर मारा. आता उलटा करून खालून बघा. तळाभोवती कड असते, तिच्या आत पाणी आणि माती अडकते. ड्रम थेट फरशीवर उभा असेल तर तो भाग कधी सुकतच नाही. तीन विटांवर ठेवा.

दाबल्यावर आत जाणारी जागा: पोपडे काढून हातोडीच्या दांड्याने ठोका. टणक आवाज आला तर गंज वरवरचा. बद्द आवाज आला किंवा भोक पडलं तर तेवढ्यावर दोन मिलिमीटरच्या काळ्या (साध्या लोखंडी) पत्र्याचं ठिगळ वेल्ड करून घ्या. रबाळे-महापे एमआयडीसीत किंवा वागळे इस्टेटला कुठलाही फॅब्रिकेटर करून देईल. जीआयचा (जस्त चढवलेला) पत्रा लावू देऊ नका, तापल्यावर जस्ताचा धूर सुटतो. एम-सील, ॲराल्डाइट वगैरे तर विसराच.

पुढच्यासाठी: राखेचं ताट तळापासून दोन-तीन इंच वर, बोल्टवर टेकवा. ताट उचललं की राख गेली. आणि राख त्याच रात्री उपसू नका. आत निखारे दडून २४ तासांहून जास्त जिवंत राहतात. लोखंडी बादली, वर झाकण, दोन दिवस. मगच कचऱ्यात.

कॉस्टिक_कुमार
एवढा खटाटोप कशाला? कॉस्टिक सोडा उकळत्या पाण्यात घालून आतून ओता, सगळं निघेल.

पक्कडपान्हा
निघेल ना, चांगला थरही निघेल. शिवाय कॉस्टिक उकळत्या पाण्यात टाकायचा नसतो, उसळून तोंडावर येतो. आणि भांडं ॲल्युमिनियमचं असेल तर त्यालाच खातो. जाळ्यांसाठी धुण्याचा सोडा पुरे: ५ लिटर गरम पाण्यात १०० ग्रॅम, रात्रभर भिजवा, सकाळी घासून धुवा आणि लगेच उन्हात. ड्रमच्या आत पाणी नकोच.

ऐरोलीकर
तळाला भोक नाही पडलं, आवाज टणक आहे. शिवणीतून मात्र वाटीभर लगदा निघाला! एक जाळी नवीन करावी लागेल. २०२ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची चालेल? दुकानदार म्हणतो चुंबक चिकटत नाही म्हणजे चांगल्या प्रतीचं ३०४च.

खाडीवारा
चुंबक दोन्हीला चिकटत नाही, त्यामुळे ती कसोटी नव्हे. स्टीलवाल्यांकडे केमिकलचे थेंब आणि ९ व्होल्टची बॅटरी असं किट असतं. थेंब लाल झाला तर मँगनीज जास्त, म्हणजे २०० मालिका, २०२ त्यातलंच. ते तुमच्या समोर करायला सांगा. २०२ पुण्यात चालून जाईल, खाडीकाठी तांबूस ठिपके धरते. माप: ड्रमचा आतला व्यास साधारण ५७ सेंमी, जाळी ५५ची करा, तापून फुगल्यावर अडकत नाही. सळई ६ मिमी, दोन सळयांत १२-१५ मिमी. यापेक्षा जास्त ठेवलंत तर बांगडा खाली जाईल.

निखारा
थर्मामीटर राहिला. काढून उकळत्या पाण्यात नुसता दांडा बुडवा, १०० दाखवायला हवा, समुद्रसपाटीलाच आहात. मागे छोटा नट असतो, तो पान्ह्याने धरून डायल फिरवा. काचेच्या आत बाष्प दिसत असेल तर काटा पुन्हा सरकणार, बदलून टाका. दांड्यावर काजळीचा जाड थर असला तरी काटा मंद चालतो. आणि झाकणावरचा आकडा जाळीवरचा नसतो, १५-२० अंशांचा फरक सहज पडतो.

ऐरोलीकर
घासलेल्या तळाला आता काय लावू? घरात शेंगदाणा आणि खोबरेल आहे. की उष्णतारोधक रंग?

पक्कडपान्हा
आत रंग अजिबात नको. तेल सोयाबीन किंवा सूर्यफूल, रिफाइंड. खोबरेल तापून घट्ट होत नाही, नुसतं खवट होतं. शेंगदाणा नाइलाज असेल तरच. फडक्याने लावा, मग कोरड्या फडक्याने पुसून टाका, काहीच लावलं नाही असं वाटेपर्यंत. जाड राहिलं तर गोंदासारखं चिकट होतं. २०० अंशांच्या आसपास तासभर. गार झाल्यावर पुन्हा एकदा.

बाहेरून मात्र रंग द्या: ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, थिनरने पुसणं, ६०० अंशांचा सिलिकॉन रंग, दोन पातळ हात. डब्यावर आकडा वाचून घ्या, काही 'हीट रेझिस्टंट' रंग २००लाच हात टेकतात. पहिल्यांदा तापवताना वास येतो, तो रंग पक्का होण्याचा. त्या दिवशी आत काही खायचं ठेवू नका.

खाडीवारा
आणि ती ताडपत्री गच्च बांधू नका. खालून हवा जाईल अशी सैल, तळापासून वीतभर वर. धुराड्यावर उलटा डबा, भोकं उघडी. पावसाने उघडीप दिली की झाकण काढून तासभर ऊन दाखवा. जाळ्या तर जूनमध्येच घरात आणायच्या, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर. उरलेला कोळसाही आत घ्या, झाकणाच्या पिंपात. दमट कोळसा तडतडतो, ठिणग्या उडतात आणि तोच पांढरा धूर देतो.