मदत हवी आहे: लिथियम-सल्फर सेल ६० अंशांना चार्जच पूर्ण होत नाही

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात पीएचडी करतेय, लिथियम-सल्फरचे कॉइन सेल (बटणासारख्या छोट्या चाचणी-बॅटऱ्या) बनवते. खोलीच्या तापमानाला सेल गुमान चालतात. ओव्हनमध्ये ५५-६० अंशांवर नेले की गाडं अडतं.

कृती नेहमीचीच: १५५ अंशांना वितळवून कार्बनमध्ये मुरवलेला सल्फर, पॉलिप्रॉपिलीनचा सेपरेटर (दोन इलेक्ट्रोडमधला पडदा), डीओएल-डीएमई हे द्रावक समप्रमाणात, त्यात १ मोलर एलआयटीएफएसआय हा लिथियमचा क्षार आणि थोडं लिथियम नायट्रेट.

डिस्चार्जमध्ये २.३ आणि २.१ व्होल्टचे दोन्ही टप्पे दिसतात. चार्जिंग मात्र २.४ च्या आसपास रेंगाळतं, २.८ गाठतच नाही. कुलंबिक एफिशियन्सी, म्हणजे घातलेल्या चार्जपैकी परत मिळणारा वाटा, पार ढासळते. म्हणजे शटल, पॉलिसल्फाइड (लिथियम-सल्फरची विरघळणारी संयुगं) दोन इलेक्ट्रोडमध्ये ये-जा करत चार्ज वाया घालवतात, हे कळतं. गरमीत पॉलिसल्फाइड जास्त विरघळतात, लिथियमकडे लवकर पोचतात, आणि नायट्रेटही लिथियमवरचा संरक्षक थर दुरुस्त करण्यात झपाट्यानं खर्च होतं. पण डीओएल पंचाहत्तरीच्या पुढे लगेच उकळतं, डीएमई ८५ ला. क्रिंपमधून (सेलच्या दाबून बंद केलेल्या कडेतून) वाफ निसटून सेल सुकत तर नसेल ना?

६० अंश कशाला, असं कुणी विचारेलच. बॅटरी हलकी म्हणून डोळा ड्रोनवर आहे. २०१० मध्ये झेफिर हे सौरविमान १४ दिवस उडालं, ते रात्री लिथियम-सल्फरवर काढून. पण तिथं वर कडाक्याची थंडी. आपल्याकडे मे महिन्यात उसावर फवारणी करायची, तीही बंद डब्यातल्या बॅटरीवर!

दोन वाटा दिसतात. टीईजीडीएमई हे द्रावक २७५ अंशांना उकळतं, पण दाट आहे, करंट वाढवला की क्षमता पडते. दुसरी स्पॅनची, म्हणजे पॉलिअॅक्रिलोनायट्राइलला बांधलेला सल्फर. तो कार्बोनेट द्रावकांच्या इलेक्ट्रोलाइटमध्येही चालतो, पण सल्फरचं प्रमाण निम्म्याच्याही खाली. तुम्ही काय निवडाल?

प्रतिसाद:
ताई, सुकलेल्या सेलचा रोध वाढतो, तो २.८ ला उलट लवकर धडकतो. तुमचा पोचतच नाही, म्हणजे सध्या तरी शटलच मुख्य. तरी ओव्हनआधी आणि नंतर सेलचं वजन करा, चांगल्या काट्यावर. शिवाय पूर्ण चार्ज झालेला सेल ६० ला नुसता ठेवून बघा. व्होल्टेज २.१ कडे उतरत गेला तर शंकाच नको. डिस्चार्ज १.८ च्या खाली नेऊ नका, तिथं कॅथोडवरच नायट्रेटचं क्षपण होतं. मी असतो तर स्पॅन घेतला असता. पॉलिसल्फाइड विरघळूच दिले नाहीत तर पुढची निम्मी भांडणं मिटतात. फक्त साधा सल्फर कार्बोनेटमध्ये घालू नका, पॉलिसल्फाइड त्या द्रावकालाच खातात.

धागाकर्ती:
आभारी आहे, दादा. वजनाचं आजच लावते. स्पॅनसाठी नळीभट्टी मिळवावी लागेल, ३०० अंश आणि आर्गॉन, शिवाय हायड्रोजन सल्फाइडचा बंदोबस्त. तोवर टीईजीडीएमई करून बघते. ते पाणी शोषणाऱ्या मॉलिक्युलर सीव्हवर ठेवलंय, पण पाणी किती उरलंय ते मोजायचंय. कोल्हापूर-सांगलीकडे कार्ल फिशर (पाण्याचा अंश मोजायची चाचणी) कुठं करून मिळेल?