मानेच्या एक्स-रेतले शब्द : 'गॅप', 'सरकलेला मणका' आणि 'मुका मार'

प्रश्न :
परवा वडील (वय ६८) ओल्या अंगणात घसरून तोंडावर पडले. कपाळाला खोक पडली, टाके घातले, मानेचा एक्स-रे काढला. रिपोर्ट असा आहे : 'स्ट्रेटनिंग ऑफ सर्व्हायकल स्पाइन. डीजनरेटिव्ह चेंजेस विथ रिड्यूस्ड डिस्क स्पेस सी५-सी६. अँटिरियर ऑस्टिओफाइट्स. नो ऑब्व्हियस फ्रॅक्चर ऑर लिस्थेसिस. क्लिनिकल कोरिलेशन सजेस्टेड.' काका म्हणतात मणक्यात गॅप पडलाय. शेजारचे आजोबा म्हणतात मणका सरकलाय, बसवून घ्या. टाके घालणारे म्हणाले फ्रॅक्चर नाही, मुका मार आहे. यातला बरोबर शब्द कोणता? पडल्यापासून त्यांच्या बोटांना मुंग्या येतायत आणि सदऱ्याची बटणं लागत नाहीत, पण ते वयामुळेही असेल.

उत्तर :
ताई, आधी तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दल. पडल्यानंतर मुंग्या आल्या आणि बटणं लागेनाशी झाली, तर ते वयामुळे नव्हे. मणक्याचे किंवा मेंदूचे सर्जन आणि एमआरआय जिथे आहेत तिथे आजच न्या. मान हलू देऊ नका, मालिश नको, आणि बसवणं तर मुळीच नको. चालताना तोल जातो का, लघवी अडते का, हेही त्यांना विचारा आणि डॉक्टरांना सांगा. पुढचं सगळं तिथे पोचल्यावर वाचा.

आता 'गॅप'. हा शब्द आपल्याकडे नेमका उलटा वापरला जातो. दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते. वय वाढलं की ती सुकते, चपटी होते आणि मणके एकमेकांच्या जवळ येतात. रिपोर्टमधलं 'रिड्यूस्ड डिस्क स्पेस' म्हणजे एवढंच, आणि 'सी५-सी६' म्हणजे मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांच्या मध्ये. म्हणजे अंतर कमी झालंय, आणि लोक म्हणतात गॅप पडला. ऐकणाऱ्याला वाटतं मणके एकमेकांपासून सुटले, मग तो घाबरतो आणि गॅप भरून काढायची औषधं शोधत बसतो. 'गादी झिजली' म्हणा, अर्थ लगेच कळतो. एक्स-रेत गादी स्वतः दिसत नाही, फक्त तिची जागा दिसते. ऑस्टिओफाइट म्हणजे मणक्याच्या कडेला वाढलेलं हाड. झीज आणि वाढलेलं हाड, दोन्ही परवाच्या पडण्यातले नाहीत. ते बऱ्याच वर्षांत होत आलेलं असतं.

'स्ट्रेटनिंग' म्हणजे मान सरळ झाली. मानेच्या सात मणक्यांना पुढच्या बाजूला हलका बाक असतो. स्नायू आखडले की तो जातो. पण झोपवून फोटो काढला किंवा मानेला पट्टा असला तरीही तो जातो, आणि काही धडधाकट माणसांच्या मानेत तो मुळातच कमी असतो. त्यामुळे या एका शब्दावर फार काही ठरत नाही. मराठीत 'मान सरळ दिसते' पुरेसं आहे.

'सरकलाय' हा शब्द मात्र रिपोर्टच नाकारतोय. 'नो लिस्थेसिस' म्हणजे एक मणका दुसऱ्यावरून पुढेमागे सरकलेला दिसत नाही. बाजूने काढलेल्या फोटोत मणक्यांच्या पुढच्या कडा, मागच्या कडा, त्यामागची कमानींची ओळ आणि मागच्या काट्यांची टोकं अशा चार रेषा मनात आखून बघतात. कुठे पायरी पडली तर सरकला. आणि खरोखर सरकला असता, तर तो हाताने बसवायला बघणं म्हणजे मज्जारज्जू (मणक्यांच्या आतून मेंदूपासून खाली जाणारी दोरी) तोडण्याचा धोका पत्करणं. पायाचं हाड बसवणारे वैद्य गावोगाव आहेत, म्हणून मानेलाही तेच क्रियापद लावायचं नाही. माझा या शब्दावर खरा राग आहे.

आणखी एक उत्तर :
'दबला' राहिलं. आमच्याकडे 'मणका दबला' आणि 'नस दबली' दोन्ही सर्रास म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला एकच वाटतं. पहिलं एक्स-रेत दिसतं : मणक्याची पुढची उंची कमी होऊन तो पाचरीसारखा दिसतो. दुसरं एक्स-रेत दिसूच शकत नाही, कारण नस दिसत नाही. शिवाय 'नस' आपण रक्तवाहिनीलाही म्हणतो. म्हणून मी लिहिताना तरी 'मज्जातंतू' वापरते.

प्रश्न :
पण मग 'मुका मार' तरी बरोबर ना? फ्रॅक्चर नाही असं रिपोर्टच म्हणतोय. आमच्याकडे जखम नाही, हाड मोडलं नाही, म्हणजे मुका मारच.

उत्तर :
तुमची व्याख्या बरोबर आहे. अडचण आहे ती त्या शब्दाबरोबर आपोआप येणाऱ्या 'शेक द्या, होईल बरं' या अर्थाची. मांडीचा मुका मार आणि मानेचा मुका मार एका मापाने मोजता येत नाही.

रिपोर्टमधला 'ऑब्व्हियस' बघा. उघड दिसणारं फ्रॅक्चर नाही, असं लिहिलंय. फ्रॅक्चर नाहीच, असं नाही. खांद्यांच्या सावलीमुळे सातवा मणका आणि त्याखालचा छातीचा पहिला मणका कित्येकदा झाकले जातात. ते दिसत नसतील तर तो फोटो अपुरा. वरच्या दोन मणक्यांसाठी तोंड उघडून वेगळा फोटो घ्यावा लागतो. बारीक तडा एक्स-रेतून निसटतो आणि सीटी स्कॅनमध्ये सापडतो, म्हणून मोठ्या इस्पितळांत आता मोठ्या माणसांच्या मानेच्या गंभीर दुखापतीला थेट सीटी करतात.

आणि हाड शाबूत असूनही मज्जारज्जूला इजा होते. वाढलेल्या हाडांमुळे म्हाताऱ्या माणसाच्या मणक्यांमधली नळी आधीच अरुंद असते. तोंडावर पडून मान मागे झटकली गेली की पुढचं वाढलेलं हाड आणि मागचं दुमडलेलं लिगामेंट (मणके जोडणारा बंध) यांच्यामध्ये मज्जारज्जू चिमटतो. पायांपेक्षा हातांची ताकद जास्त जाते. माणूस चालत येतो आणि त्याला घास उचलता येत नाही. याला सेंट्रल कॉर्ड सिंड्रोम म्हणतात. श्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ साली त्याचं वर्णन केलं. तुम्ही लिहिलेलं पडणं आणि ती बटणं वाचून मला पहिलं हेच आठवलं.

म्हणून रिपोर्टचं शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. 'क्लिनिकल कोरिलेशन' हा शेपटासारखा जोडलेला शिक्का नाही. फोटोत जे दिसलं ते रुग्णाला तपासून ताडून बघा, असं फोटो वाचणारा हात लावून तपासणाऱ्याला सांगतोय. मुठीची ताकद, बोटांची संवेदना आणि चाल न बघता दिलेला 'नॉर्मल' हा अर्धाच नॉर्मल असतो.

आणखी एक उत्तर :
लहान मुलांसाठी जोड देतो. त्यांची मान इतकी लवचीक असते की मज्जारज्जूला इजा होऊनही एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. पँग आणि विल्बर्गर यांनी १९८२ साली याला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'स्कायवोरा' हे नाव दिलं. याच्या उलटही होतं : मुलांचा दुसरा मणका तिसऱ्यावर थोडा पुढे दिसतो, ते निसर्गतः असतं, आणि घरचे 'सरकला' म्हणून हबकतात.

प्रश्न :
काल रात्रीच भरती केलं. एमआरआयमध्ये 'कॉर्ड एडीमा सी५-सी६' आलंय. सध्या ऑपरेशन नाही, लक्ष ठेवतायत, रक्तदाब खाली जाऊ देत नाहीत. हातांत थोडी पकड आली आहे. नातेवाइकांना काय सांगू? सगळे विचारतात, मणका मोडला का?

उत्तर :
पकड येतेय हे वाचून फार बरं वाटलं. सांगा, 'मणका मोडलेला नाही, आतल्या मज्जारज्जूला सूज आहे.' मणका, कणा आणि मज्जारज्जू आपण बोलताना एकच करून टाकतो. बातम्यांतही 'मणक्याला दुखापत' एवढंच असतं, त्यातून हाड की आतली दोरी ते कळत नाही. मणका हाड, सगळे मणके मिळून कणा, आणि कण्याच्या पोकळीतून मेंदूपासून खाली जाणारा तो मज्जारज्जू. काही पाठ्यपुस्तकांत 'मेरुरज्जू' असतं, अर्थ तोच.

प्रश्न :
चिठ्ठीवर 'हार्ड कॉलर' लिहिलंय. दुकानातून पट्टा आणला तर तो स्पंजचा निघाला.

उत्तर :
मराठीत दोन्हींना पट्टाच म्हणतात, म्हणून ही गडबड होते. स्पंजचा मऊ पट्टा मान धरून ठेवत नाही. त्यांना कडक हवाय, पुढचा आणि मागचा असे दोन भाग असलेला, हनुवटीला आधार देणारा. दुकानात 'फिलाडेल्फिया कॉलर' म्हटलं की बहुतेक मिळतो. माप घेऊन जा, आणि घालून द्यायला वॉर्डातल्या सिस्टरना सांगा. आधीचा काढताना मान कोणीतरी दोन्ही हातांनी स्थिर धरली पाहिजे.