पायथॉनमधून सी ला बफर: कॉपी करायची की पत्ता द्यायचा?

जुना_माग
काल इथे एकाने लिहिलं, 'पायथॉनमधला डेटा सी भाषेतल्या कोडला द्यायचा तर कॉपी काढून द्या, पॉइंटरच्या नादी लागू नका.' पॉइंटर म्हणजे डेटा मेमरीत कुठे आहे तो पत्ता. खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. ते डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलवरचे दोष टिपायला आम्ही चार कॅमेरे लावलेत. फ्रेम १९२० बाय १०८०, तीन चॅनल, म्हणजे ६२ लाख बाइट. सेकंदाला ३० फ्रेमा. चार कॅमेऱ्यांच्या एका कॉपीला सेकंदाला जवळपास ७५ कोटी बाइट! आणि कॉपी एकदाच होते थोडीच? टूबाइट्सने फ्रेमचे सुटे बाइट केले की एक, ते सी साठीच्या स्ट्रिंग बफरमध्ये ओतले की दुसरी. कॉपी न काढता मेमरी वाटून घ्यायचा पायथॉनचा नियम म्हणजे बफर प्रोटोकॉल; त्याचा पेप (पायथॉनचा सुधारणा-प्रस्ताव) ३११८ हा २००६ सालचा आहे. तो याचसाठी केलाय.

कडक_भाकरी
मालक, हिशोब बरोबर, निष्कर्ष चूक. ६२ लाख बाइट हलवायला आजच्या मशीनला मिलिसेकंदभर लागतो. माझे दोन आठवडे गेले ते पॉइंटरपायी. फ्रेमचा पत्ता सी च्या थ्रेडला, म्हणजे बाजूला समांतर चालणाऱ्या कामाला दिला आणि इकडे त्याच व्हेरिएबलमध्ये पुढची फ्रेम आली. जुना अ‍ॅरे मोकळा झाला, सी तिथेच वाचत बसलं. सेगफॉल्ट (चुकीच्या मेमरीला हात लावल्याने प्रोग्राम कोसळणं) यायचा तो रात्रपाळीतच, दिवसा कधी सापडला नाही. शेवटी सी च्या बाजूला मॅलॉकने वेगळी मेमरी मागून कॉपी घेतली, तेव्हापासून तक्रारीचे फोन बंद झाले.

जुना_माग
म्हणजे पत्ता दिलात, पण वस्तू धरून ठेवली नाहीत. वडील जॉबर होते माझे, माग बघणारे. मागावर चढलेला बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचा रूळ, कापड उतरेपर्यंत कुणी काढत नाही. प्रोटोकॉल हेच सांगतो. बाइटअ‍ॅरेवर मेमरीव्ह्यू (कॉपी न करता तीच मेमरी दाखवणारी खिडकी) धरा आणि अपेंड करून बघा, तिथल्या तिथे बफरएरर येतो. सी एक्स्टेन्शनमध्ये गेटबफर केलं की काम संपल्यावर रिलीज करायचं, तोवर पायथॉन ती मेमरी सोडत नाही. नमपाय या अ‍ॅरेच्या लायब्ररीतला सीटाइप्स डॉट डेटा म्हणजे पत्त्याचा नुसता आकडा. आकडा कुणाला धरून ठेवणार?

पूर्वभाग
दोघंही स्ट्राइड विसरलात, म्हणजे मेमरीत एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंतचं अंतर. मी फ्रेमचा डावा अर्धा भाग स्लाइस करून दिला होता. स्लाइसने कॉपी होत नाही, एका ओळीपासून दुसरी ५७६० बाइटांवरच राहते. सी ने धरलं २८८०. स्क्रीनवर डाव्या काठाची एक ओळ, उजव्या काठाची एक ओळ, आलटून पालटून. मी अर्धा दिवस लेन्स पुसत होतो. एस्कंटिग्युअसअ‍ॅरे लावून ओळी सलग केल्या तेव्हा चित्र जागेवर आलं.

कडक_भाकरी
अहो, तिथे ते लावलं की कॉपीच होते! हेच तर मी म्हणतोय.

पूर्वभाग
होते, मान्य. पण हे आपल्याला कुणी शिकवलंच नाही. आमच्या कॉलेजात शेवटच्या वर्षापर्यंत टर्बो सी हा जुना कंपायलर, तो निळा स्क्रीन. इंट दोन बाइटचा लिहिला की मार्क. नोकरीत पहिल्या आठवड्यात सगळ्यांसमोर तोंड पाडून घेतलं.

लॅब_नंबर_३
शिक्षकांवर घसरू नका. मी पंधरा वर्षं शिकवतोय, अभ्यासक्रम मी ठरवत नाही. लॅबमध्ये जीसीसी हा आजचा कंपायलर मी स्वतः पेनड्राइव्हने टाकलं, प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी ते काढायला लावलं. पोरांनाही पॉइंटर नको असतो, पुण्याचं पॅकेज हवं असतं.

पूर्वभाग
पोरांवर ढकलू नका सर. माझी आई विड्या वळून फी भरायची. मला पॉइंटर हवा होता.

जुना_माग
भांडण बाजूला ठेवा, कारण ती सवय नडते ती इथेच. टर्बो सी च्या स्मॉल मॉडेलमध्ये इंट दोन बाइट आणि पॉइंटरही दोनच, म्हणून दोन्ही एकच वाटतात. सीटाइप्स म्हणजे पायथॉनमधून सी ची फंक्शनं बोलवायची सोय; तिथे रेसटाइप, म्हणजे परत येणाऱ्या किमतीचा प्रकार, दिला नाही तर ते परतीची किंमत चार बाइटचा इंट धरतं. ६४ बिटी पत्त्याचा वरचा अर्धा भाग गळतो. पत्ता खालच्या भागात असला तर चालून जातं, नाहीतर कोसळतं.

लॅब_नंबर_३
माझ्या नोट्समध्ये रेसटाइप नाही. असायला हवा होता. पूर्वभाग, आईंचं वाचलं. मी तसं सरसकट बोलायला नको होतं.

कडक_भाकरी
एकाच थ्रेडमध्ये, कॉल संपेपर्यंतच वापर असेल तर पत्ता द्या, तेवढं मी मानतो. सी ने पत्ता साठवून ठेवला की मी कॉपीच करणार. बीमची गोष्ट कितीही सांगा.

जुना_माग
साठवत असेल तर तोवर मूळ वस्तूचा रेफरन्स धरून ठेवा, मग कॉपी नको. उद्या कोड टाकतो, तुमच्या थ्रेडवर चालवून बघा. रात्रपाळीतच चालवा.