चर्चा : आपल्या शहराला आधुनिक घंटामनोरा हवा का?

मूळ मत (छत्रपती संभाजीनगर)

ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात स्वान नदीच्या काठावर ८२.५ मीटर उंचीचा, काच आणि तांब्याच्या पत्र्यांनी मढवलेला घंटामनोरा आहे. तो डिसेंबर २००० मध्ये खुला झाला. मुलाकडे गेलो असताना मी तो सावकाश पाहिला आणि तेव्हापासून माझे मत ठाम झाले आहे की, तसा मनोरा आपल्या शहरातही खाम नदीच्या काठी उभा राहिला पाहिजे.

केवळ उंचीसाठी मी हे म्हणत नाही. त्या मनोऱ्यात १८ घंटा आहेत. त्यांपैकी १२ अठराव्या शतकात ओतलेल्या असून पूर्वी त्या लंडनच्या सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स या चर्चमध्ये होत्या. ऑस्ट्रेलियातील ब्रिटिश वसाहतीला १९८८ मध्ये दोनशे वर्षे झाली, त्या निमित्ताने त्या पर्थला भेट मिळाल्या. प्रत्येक घंटा एका मोठ्या चाकाला जोडलेली असते. वाजवण्यापूर्वी ती तोंड वर करून उभी केली जाते आणि दोर ओढला की पूर्ण वर्तुळ फिरून पुन्हा तोंड वर करून थांबते. एका घंटेला एक माणूस. इतके वजन हवे तेव्हा, हवे तितके झपाट्याने फिरवता येत नाही, म्हणून गाण्याची चाल वाजवण्याऐवजी घंटांचा क्रम फेरीगणिक बदलत नेला जातो. सात घंटांचे असे ५,०४० वेगवेगळे क्रम होतात आणि वाजवणारे ते कागदावर न पाहता, स्मरणाने वाजवतात. हे सारे पाहुण्यांना काचेतून पाहता येते, नंतर वरच्या सज्जात जाऊन नदी आणि शहर न्याहाळता येते.

आपल्या शहराची ओळख सांगताना आपण मकबरा, पाणचक्की आणि दरवाजे यांच्यापुढे जात नाही. ही सर्व पूर्वजांची कमाई आहे. आपल्या पिढीने नागरिकांना एकत्र आणणारे, कानाला आणि मनाला जाणवणारे असे काय उभारले, या प्रश्नाला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही.

प्रतिसाद (लातूर)

आपली तळमळ समजते, परंतु मी या कल्पनेच्या पूर्ण विरोधात आहे. एप्रिल २०१६ मध्ये आमच्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. जायकवाडी इतके जवळ असूनही आपल्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते. अशा प्रदेशात सार्वजनिक पैशातून शोभेचा मनोरा बांधणे मला अयोग्य वाटते. पर्थमध्येही त्या खर्चावर नागरिकांनी कडक टीका केली होती, हे आपल्या वर्णनात आलेले नाही.

दुसरा मुद्दा बांधकामाचा आहे. पूर्ण वर्तुळ फिरणारी घंटा स्वतःच्या वजनाच्या सुमारे चौपट भार खाली टाकते आणि जवळजवळ दुप्पट आडवा धक्का भिंतींना देते. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना उंच इमारतीच्या माथ्यावर असे हलते वजन ठेवण्याचा विचार सहज पटणार नाही. भूकंपरोधक बांधकाम शक्य आहे हे मान्य, पण त्याची किंमतही मोजावी लागते.

शिवाय जे आहे त्याचे काय? दौलताबादचा पंधराव्या शतकातील चाँद मिनार साठ मीटरहून उंच आहे आणि त्यावर चढण्यास पर्यटकांना मनाई आहे. शहागंजचा घड्याळमनोरा आपल्याच शहरात आहे. आमची गंजगोलाई पाहा : १६ रस्ते तिथे येऊन मिळतात आणि माणसे तिथे बाजारासाठी रोज येतात, म्हणून ती लातूरची ओळख झाली. कोणी ती प्रेक्षणीय ठरवली म्हणून नव्हे.

प्रतिसाद (परभणी)

लातूरच्या सद्गृहस्थांचा पाण्याचा मुद्दा मला मान्य आहे, पण ‘शोभेचा’ हा शब्द मान्य नाही. पर्थमधील घंटा हौशी माणसे शिकून वाजवतात, म्हणजे तिथे एक विद्या जिवंत आहे. मनोऱ्याला शोभा म्हणून बाजूला सारले, तर या विद्येकडे आपले लक्षच जात नाही.

घंटा परक्या आहेत, असाही आक्षेप पुढे येईल, म्हणून आधीच लिहितो. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यानंतर तिथल्या चर्चमधील घंटा मराठ्यांनी आणल्या आणि मंदिरांत बांधल्या. भीमाशंकरची आणि नाशिकच्या नारोशंकर मंदिराची घंटा त्याच परंपरेतील मानल्या जातात. कांस्य ओतणारे ओतारी आपल्याकडेही पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आणि ठरलेल्या क्रमाने, एकमेकांकडे कान देऊन वाजवण्याची शिस्त ज्या प्रदेशातील भजनी मंडळांच्या टाळांमध्ये आहे, त्याला ही कला अवघड जाईल असे मला वाटत नाही. माझी शंका वेगळी आहे. उद्घाटनानंतर पाचव्या वर्षी दोर कोण ओढणार?

मूळ लेखकाचे उत्तर

पर्थमधील टीकेचा उल्लेख मी करायला हवा होता, हा आक्षेप रास्त आहे. तरीही पाणी आणि मनोरा यांना एकमेकांसमोर उभे करणे मला पटत नाही. तसे केले तर नाट्यगृहे, ग्रंथालये आणि उद्याने यांपैकी काहीच बांधता येणार नाही, आणि तहानलेल्या शहराला त्यांचीही गरज असते. चाँद मिनारच्या संवर्धनाला माझा पाठिंबाच आहे, परंतु संरक्षित वास्तूत आपण नवी विद्या रुजवू शकत नाही.

परभणीचा प्रश्न मात्र मला गंभीर वाटतो. इंग्लंडमध्ये हेच क्रम हातात धरायच्या लहान घंटांवरही वाजवले जातात. त्याला मनोरा लागत नाही आणि खर्चही थोडा येतो. शाळांमधून किंवा भजनी मंडळांमधून असे गट तयार होऊ शकतात.

प्रतिसाद (लातूर)

मग क्रम उलटा ठेवा. आधी ते गट तयार होऊ द्यात, त्यांना दोन-चार वर्षे नियमित वाजवू द्यात. त्यानंतर कमी उंचीची, भक्कम पायाची वास्तू लोकवर्गणीतून उभी राहणार असेल, तर मी माझा वाटा देईन. रुग्णालयांभोवती शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असते, तेव्हा जागाही त्या हिशोबाने निवडावी लागेल. ८२ मीटरच्या मनोऱ्याला आणि सरकारी तिजोरीतून होणाऱ्या खर्चाला माझा विरोध आजही कायम आहे.

मूळ लेखकाचे उत्तर

उंचीचा आग्रह मी सोडतो. सार्वजनिक निधीचा आग्रह सोडणार नाही, कारण वर्गणीतून उभी राहिलेली वास्तू वर्गणी देणाऱ्यांची होते आणि मला ती संपूर्ण शहराची हवी आहे.