काचबिंदू आणि गुडघे: नागपुरात शंकरनगर ते बर्डी (सीताबर्डी) पायी कसं जावं?

वय ६८. काचबिंदूमुळे बाजूचं दिसत नाही, समोरचं तेवढं दिसते. डावा गुडघाही कुरकुरते. तरी रोज बर्डीला जातो. घरात बसून काय करू? सिमेंट रोडची कड फुटपाथसारखीच राखाडी, पायरी कुठं संपते कळतच नाही. परवा पडता पडता वाचलो. कमी दिसणाऱ्यांची पांढरी काठी घ्यावी का? लाज वाटून राहिली.

— काकाजी, घ्या. पण पांढरी काठी चाचपायची असते, भार टाकायची नाही. गुडघ्यासाठी दुसऱ्या हातात वेगळी, उजव्या हातात, म्हणजे दुखऱ्या पायाच्या विरुद्ध बाजूला. दोन काठ्या जमत नसतील तर आधाराच्याच काठीला पांढरा रंग द्या. लोकं निदान बाजूला तरी होतात.

— शंकरनगर चौकातून मेट्रोनं सीताबर्डीला जा, लिफ्ट आहे. स्टेशनात पिवळ्या फरशा पायाला लागतात: लांब पट्ट्या म्हणजे सरळ चला, गोल ठिपके म्हणजे थांबा.

— आणि संध्याकाळी नका जाऊ, भाऊ. काचबिंदूत कमी उजेडात जास्त त्रास होते.

काकाजी: मेट्रोचं पटलं. पण बर्डीच्या मेन रोडवर दुकानं फुटपाथवर आलेली, तिथं फरशी कुठून आणू? काठी उद्या घेतो. सकाळीच जाईन.