हलक्या रानात मालदांडी ज्वारीच पेरावी काय?

प्रश्न : मंगळवेढ्याजवळच्या आमच्या हलक्या रानात ओल लवकर उडते आणि मालदांडीची कणसे पोटरीतच, म्हणजे वरच्या पानाच्या वेष्टनातच, अडकतात. वाण बदलावे काय?

उत्तर १ : अवश्य बदलावे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी जमिनीची खोली पाहून रब्बी ज्वारीचे वाण दिले असून, हलक्या, म्हणजे उथळ, जमिनीस फुले अनुराधा, तर भारी जमिनीस फुले वसुधा योग्य ठरते. मालदांडी ३५-१ हीसुद्धा मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक ज्वारीतूनच निवडलेली आहे.

उत्तर २ : सहमत आहे, मात्र शास्त्रज्ञांनी धान्याच्या उताऱ्याइतकेच कडब्याकडेही पाहावे, कारण दावणीची जनावरे त्यावरच उन्हाळा काढतात.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. यंदा दोन एकरांत अनुराधा पेरतो.