फर्नेस बदलू, की अजून एक हिवाळा ढकलू?

प्रश्न (शिकागोजवळून): घराबरोबर आलेली फर्नेस (घर गरम करणारी गॅसची भट्टी), आतल्या पाटीवर २००४ साल. परवा रात्री बाहेर उणे ५ फॅरनहाइट आणि ही बया तीन मिनिटं पेटून विझतेय, परत पेटतेय. मेकॅनिकने पाच मिनिटांत ‘बदलाच’ सांगितलं. पुण्याहून आलेली आई शाल गुंडाळून पेटत्या गॅसपाशी बसते. काय करू?

मिनेसोटाकर: आधी आईंना तिथून उठवा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे का बघा. मग फर्नेसचा हवेचा फिल्टर. माझा एकदा गोधडीसारखा झाला होता! पेटून काही सेकंदांत विझली तर बहुधा फ्लेम सेन्सर, म्हणजे ज्योत पेटली का ते ओळखणारी दांडी, काजळलेला असतो. तीन मिनिटांनी विझते म्हणजे हवा अडून आत तापतंय आणि लिमिट स्विच (जास्त तापलं की बंद करणारा) गॅस तोडतोय, असं वाटतं.

जुना गिऱ्हाईक: वीस वर्षं म्हणजे तिचं आयुष्य झालंच, पण घाईत घेऊ नका. हीट एक्स्चेंजरला, म्हणजे जळका वायू घरच्या हवेपासून वेगळा ठेवणाऱ्या आतल्या धातूच्या पेटीला, तडा असेल तर वाद नाही, बदला. मात्र तड्याचा फोटो मागा. नवी ९५ टक्के कार्यक्षमतेवाली घेतलीत तर तिचा धूर प्लास्टिकच्या पाइपातून जातो. मग जुन्या चिमणीत एकट्या गॅसवरच्या वॉटर हीटरचा धूर उरतो, त्यासाठी चिमणीत लायनर (आतून बारीक पाइप) लागू शकतो. कोटेशनमध्ये हे नसतं, नंतर बिलात उगवतं. मला उगवलं.

प्रश्नकर्ता: फिल्टर बदलला, रात्रभर नीट चालली. शनिवारी दुसरा मेकॅनिक कॅमेरा घेऊन येतोय. आई म्हणते, शेगडीच बरी.